घटना एक, अर्थ दोन आणि दाराबाहेरचा तिसरा

वकिलीच्या धंद्यात आम्ही रोज एक गोष्ट पाहतो. कलम एकच असते, पुस्तक एकच असते. वादीचा वकील त्या कलमावर बोट ठेवून एक अर्थ सांगतो आणि प्रतिवादीचा वकील त्याच ओळीतून नेमका उलटा अर्थ काढून दाखवतो. शब्द कोणीही बदललेला नसतो. काना-मात्रेचाही फरक नसतो. तरीही निकालाअंती एकाचे घर जाते आणि दुसऱ्याचे राहते.

सभा-संमेलनांतून आमचे बांधव मोठ्या विश्वासाने म्हणतात, "संविधानात लिहिले आहे ना, मग झाले!" हा विश्वास आम्हालाही प्रिय आहे. पण नुसते लिहिले आहे एवढ्याने काही होत नाही. लिहिलेले कोण वाचतो, कोणाच्या बाजूने वाचतो आणि ज्या खोलीत ते वाचले जाते त्या खोलीत कोणाला प्रवेश आहे, यावर सारे ठरते. हे आमचे म्हणणे कोणाला कडू वाटेल, म्हणून आज आम्ही आपल्या वाचकांना अमेरिकेत नेणार आहोत. जगात आजही अमलात असलेल्या लिखित राष्ट्रीय घटनांमध्ये अमेरिकेची घटना सर्वांत जुनी मानली जाते. तिची शाई वाळते न वाळते तोच ती घडवणारेच तिच्या अर्थावरून एकमेकांच्या समोर उभे ठाकले. अमेरिकेतले पहिले राजकीय पक्ष या भांडणातच आकाराला आले.

पक्ष नको म्हणणाऱ्यांचे पक्ष

१७८७ च्या मे ते सप्टेंबर या काळात फिलाडेल्फिया शहरात घटना परिषद भरली. कामकाज गुप्त होते. एकूण ५५ प्रतिनिधी हजर राहिले आणि १७ सप्टेंबर १७८७ रोजी त्यांपैकी ३९ जणांनी घटनेवर सह्या केल्या. या सबंध घटनेत 'राजकीय पक्ष' हा शब्द कोठेही नाही. पक्ष म्हणजे गटबाजी, आणि गटबाजी म्हणजे प्रजासत्ताकाला जडणारा रोग, अशीच त्या मंडळींची समजूत होती.

घटनेला राज्यांची मंजुरी मिळावी म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी 'पब्लियस' हे एकच टोपणनाव घेऊन ८५ लेख लिहिले. 'फेडरलिस्ट' या नावाने ती लेखमाला प्रसिद्ध आहे. घटनेचा अर्थ काय, हे देशाला समजावून सांगणारे हे दोन प्रमुख लेखक, हॅमिल्टन आणि मॅडिसन, तेव्हा खांद्याला खांदा लावून उभे होते. ३० एप्रिल १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्कला अध्यक्षपदाची शपथ घेतली. हॅमिल्टन अर्थमंत्री झाले, थॉमस जेफरसन परराष्ट्रमंत्री झाले आणि मॅडिसन प्रतिनिधिगृहात बसले. दोन वर्षांच्या आत या मित्रांची ताटातूट झाली.

आणखी एक शब्द या घटनेत नव्हता. तो शब्द म्हणजे 'गुलाम'. शब्द नव्हता, पण गुलाम होते. १७९० च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख भरली आणि त्यांत जवळजवळ ७ लाख माणसे गुलाम होती. घटनेने त्यांना 'इतर व्यक्ती' म्हटले. गुलामाला मत नाही, पण त्याच्या मालकाच्या राज्याला प्रतिनिधिगृहात किती जागा द्यायच्या हे मोजताना पाच गुलामांची तीन माणसे धरायची, असे ठरले. १८०८ पर्यंत गुलामांची आयात काँग्रेसने बंद करू नये, असेही ठरले. (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, आपल्याकडील पक्षाशी तिचा संबंध नाही.) पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर मालकाच्या स्वाधीन करावा, हेही कलम घातले गेले. शब्द टाळला म्हणून पाप टळत नाही. पण या टाळलेल्या शब्दाला पुढे फार महत्त्व येणार होते. वाचकांनी तेवढे लक्षात ठेवावे.

एका बँकेवरून

पहिली ठिणगी पडली ती बँकेवरून. डिसेंबर १७९० मध्ये हॅमिल्टन यांनी राष्ट्रीय बँकेची योजना मांडली. भांडवल एक कोटी डॉलर, सनद वीस वर्षांची. राज्यांची युद्धकाळातली कर्जे केंद्राने उचलावीत, सावकार आणि व्यापारी वर्गाला केंद्र सरकारशी बांधून घ्यावे आणि त्या पतीवर नवे राष्ट्र उभारावे, हा त्यांचा एकूण विचार होता. मॅडिसन प्रतिनिधिगृहात उठले आणि म्हणाले की घटनेने काँग्रेसला बँक काढण्याचा अधिकारच दिलेला नाही. घटना परिषदेत महामंडळांना सनदा देण्याच्या अधिकाराची सूचना आली होती आणि ती नाकारली गेली होती, याचीही त्यांनी आठवण करून दिली. तरीही विधेयक ३९ विरुद्ध २० मतांनी मंजूर झाले. विरोधातली मते बहुतेक दक्षिणेकडील राज्यांची होती.

आता सही करावी की नाही, हा प्रश्न वॉशिंग्टन यांच्यापुढे आला. त्यांनी मंत्र्यांची लेखी मते मागवली. फेब्रुवारी १७९१ मधली ही मते म्हणजे घटनेच्या अर्थावरचा पहिला मोठा दावा आहे. आम्ही वकील मंडळी तो आजही चवीने वाचतो.

सगळा वाद एका शब्दावर होता. घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात काँग्रेसचे अधिकार मोजून दिले आहेत आणि शेवटी म्हटले आहे की हे अधिकार अमलात आणण्यासाठी 'आवश्यक आणि योग्य' असे कायदे काँग्रेसने करावेत. जेफरसन म्हणाले, आवश्यक म्हणजे ज्यावाचून अडतेच असे. कर गोळा करायला बँक सोयीची असेल, पण सोयीचे ते सारे आवश्यक म्हणू लागलो तर काँग्रेसला करता येणार नाही असे जगात काही उरणार नाही. जो अधिकार केंद्राला दिलेला नाही तो राज्यांचा आणि जनतेचा, या दुरुस्तीला त्यांनी पाया मानले. गंमत अशी की ती दहावी दुरुस्ती तेव्हा मंजूर व्हायची होती. ती १५ डिसेंबर १७९१ रोजी मंजूर झाली.

हॅमिल्टन यांनी उलट सांगितले. आवश्यक याचा व्यवहारातला अर्थ उपयोगी, पूरक, कामाला लागणारे असाच होतो. साध्य घटनेत असेल आणि साधनाला घटनेने मनाई केलेली नसेल, तर साधन वैध आहे. परिषदेत कोण काय म्हणाले याची आठवण कामाची नाही. घडवणाऱ्यांचा हेतू घटनेच्या मजकुरातच शोधावा लागतो. २५ फेब्रुवारी १७९१ रोजी वॉशिंग्टन यांनी सही केली.

दोन्ही युक्तिवाद भक्कम आहेत. आम्हाला कोणत्याही एका बाजूचे वकीलपत्र दिले असते तर आम्ही ते निःसंकोच घेतले असते. मॅडिसन यांनीच १७८८ मध्ये 'फेडरलिस्ट'च्या ४४ व्या लेखात साध्य दिले की साधनही दिले असा अर्थ मांडला होता, आणि १७९१ मध्ये ते त्याच्या विरोधात उभे होते. परिषदेतल्या चर्चेची मॅडिसन यांनी स्वतः ठेवलेली सविस्तर टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८४० मध्ये छापली गेली. म्हणजे घटनाकारांचा मूळ हेतू म्हणून ज्याची दुहाई दिली जात होती, त्याचा सर्वांत सविस्तर कागद त्या काळात कुलपात होता!

वर्तमानपत्रे आणि पक्ष

या वादातून दोन गट पडले. हॅमिल्टन यांच्या बाजूचे ते फेडरलिस्ट. जेफरसन-मॅडिसन यांच्या बाजूचे ते रिपब्लिकन. हे नाव आपल्या कानाला ओळखीचे आहे, पण घोटाळा नको. आजचा अमेरिकेतला रिपब्लिकन पक्ष वेगळा. तो १८५४ मध्ये गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करत जन्मला. जेफरसन यांच्या पक्षाला इतिहासकार 'डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन' म्हणतात.

पक्ष बांधले ते वर्तमानपत्रांनी. जॉन फेनो यांचे 'गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स' हॅमिल्टन यांची बाजू लढवत होते. त्याला उत्तर म्हणून ऑक्टोबर १७९१ मध्ये फिलिप फ्रेनो या कवीने 'नॅशनल गॅझेट' सुरू केले. या फ्रेनोला जेफरसन यांनी आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलर पगारावर अनुवादकाची नोकरी दिली होती. म्हणजे सरकारी पगार घेऊन सरकारवर टीका! आपले पत्र नसेल तर आपला अर्थ लोकांपर्यंत पोचत नाही, हे दोन्ही गटांनी ओळखले होते. १७९६ मध्ये निरोप घेताना वॉशिंग्टन यांनी पक्षवृत्तीपासून सावध राहा, असा देशाला इशारा दिला. तोवर पक्ष घट्ट रुजले होते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत जॉन ॲडम्स यांना ७१ आणि जेफरसन यांना ६८ मते पडली आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे विरोधी पक्षाचा नेता उपाध्यक्ष झाला.

राजद्रोहाचा कायदा

मग सत्तेची धुंदी चढली. फ्रान्सशी युद्धाचे वातावरण तयार झाले आणि फेडरलिस्टांनी १४ जुलै १७९८ रोजी राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांची बदनामी करणारे खोटे व दुष्ट लिखाण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. बदनामीपासून कोणाला संरक्षण, या यादीत उपाध्यक्षाचे नाव नव्हते. कारण उपाध्यक्ष जेफरसन होते! कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ रोजी संपत होती, म्हणजे ॲडम्स यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी. कायद्याचा हेतू कळायला आणखी कोणता पुरावा हवा?

भाषण आणि मुद्रण यांचे स्वातंत्र्य काँग्रेस हिरावून घेणार नाही, असे सांगणारी पहिली दुरुस्ती सात वर्षांपूर्वीच झाली होती. फेडरलिस्ट म्हणाले, मुद्रणस्वातंत्र्य म्हणजे छापण्यापूर्वी परवानगी लागू नये एवढेच. छापल्यावर शिक्षा करायला हरकत नाही. फेडरलिस्ट न्यायाधीशांनी तो अर्थ उचलून धरला. व्हरमाँटचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना चार महिने तुरुंग आणि एक हजार डॉलर दंड झाला. हे लायन आयर्लंडहून करारबद्ध नोकर म्हणून आलेले गृहस्थ. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले.

जेफरसन यांनी नाव गुप्त ठेवून केंटकीचे ठराव लिहिले आणि मॅडिसन यांनी व्हर्जिनियाचे. घटना हा राज्यांमधला करार आहे, म्हणून केंद्राने मर्यादा ओलांडली तर ती ओलांडली हे सांगण्याचा हक्क राज्यांना आहे, असा त्यांचा सूर होता. तेव्हा हे हत्यार मुद्रणस्वातंत्र्यासाठी उपसले होते. तीस-पस्तीस वर्षांनी साउथ कॅरोलिनाने केंद्राचा जकात कायदा रद्दबातल ठरवताना तेच हत्यार हाती घेतले, आणि पुढे गुलामगिरीच्या रक्षणासाठी राज्यांच्या हक्कांची जी ढाल पुढे केली गेली ती याच पोलादाची होती. अर्थ लावण्याची पद्धत कोणाच्याही हातात जाऊ शकते, हे त्यातून शिकावे.

१८०० ची निवडणूक रिपब्लिकनांनी जिंकली. जेफरसन आणि त्यांचेच सहकारी ॲरन बर यांना सारखीच, ७३ मते पडली आणि प्रश्न प्रतिनिधिगृहाकडे गेला. फेब्रुवारी १८०१ मध्ये तब्बल ३६ वेळा मतदान घेतल्यावर जेफरसन निवडून आले. पाचाचे तीन या गुलाममोजणीमुळे दक्षिणेला मिळालेली जादा मते नसती तर ॲडम्स जिंकले असते, असा हिशेब अनेक इतिहासकारांनी मांडला आहे. ज्यांना मत नव्हते त्यांच्या डोक्यांच्या मोजणीवर स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा माणूस अध्यक्ष झाला!

खुर्ची बदलली, अर्थ बदलला

जाता जाता फेडरलिस्टांनी न्यायालयांत आपली माणसे भरली. त्यातल्याच विल्यम मारबरी या मॅजिस्ट्रेटची नेमणूक-पत्रिका टेबलावरच राहून गेली आणि नव्या सरकारने ती देण्याचे नाकारले. २४ फेब्रुवारी १८०३ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला. मारबरीचा हक्क खरा, पण ज्या कायद्याने तो या न्यायालयात आला तो कायदाच घटनाविरोधी, म्हणून रद्द. घटनेचा अर्थ सांगणे हे न्यायालयाचे काम, हे तत्त्व तिथे रोवले गेले. ज्या पत्रिकेवरून हा दावा झाला ती पोचवायची राहिली तेव्हा परराष्ट्रमंत्री स्वतः मार्शलच होते, हे वाचकांच्या माहितीसाठी.

त्याच १८०३ मध्ये फ्रान्सने लुइझियानाचा प्रचंड मुलूख विकायला काढला. सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल, किंमत दीड कोटी डॉलर. परकी मुलूख विकत घेऊन संघराज्यात सामील करण्याचा अधिकार घटनेत कोठे लिहिला आहे? कोठेच नाही. जेफरसन यांना हे पुरते ठाऊक होते. त्यांनी घटनादुरुस्तीचे मसुदेही लिहिले. पण सौदा हातचा जाईल असे दिसताच मसुदे बाजूला ठेवले आणि घटनेच्या अडचणीबद्दल जितके कमी बोलू तितके बरे, असे सहकाऱ्यांना कळवले. बँकेच्या वेळी शब्दाला चिकटून बसणारे जेफरसन इथे हॅमिल्टन यांच्याहून सैल झाले. आणि बँकेच्या वेळी सैल अर्थ लावणारे अनेक फेडरलिस्ट इथे एकदम काटेकोर झाले.

१८०७ मध्ये जेफरसन यांनी परदेशी व्यापाराला जाणारी सारी जहाजे बंदरात अडकवली. व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार म्हणजे व्यापार बुडवण्याचा अधिकार नव्हे, असा आक्रोश फेडरलिस्टांनी केला. पहिल्या बँकेची सनद १८११ मध्ये संपली. १८१२ च्या युद्धात तिजोरीचे हाल झाले आणि १८१६ मध्ये दुसरी राष्ट्रीय बँक निघाली. तिच्या कायद्यावर सही करणारे अध्यक्ष कोण? तेच जेम्स मॅडिसन! १८१९ मध्ये मार्शल यांनी मॅकलक विरुद्ध मेरीलँड या खटल्यात हॅमिल्टन यांचाच अर्थ कायम केला. त्यांचा एक मुद्दा वकिलांनी ध्यानात ठेवावा असा आहे. घटनेत दुसऱ्या एका ठिकाणी राज्यांना जकातीबाबत 'नितांत आवश्यक' असा शब्द वापरला आहे. म्हणजे घटनाकारांना नितांत म्हणायचे होते तिथे त्यांनी नितांत म्हटले, इथे नुसते आवश्यक म्हटले.

तोवर फेडरलिस्ट पक्ष मरणपंथाला लागला होता. १८१४-१५ च्या हिवाळ्यात हार्टफर्डला जमलेल्या न्यू इंग्लंडच्या फेडरलिस्टांनी राज्यांच्या हक्कांची भाषा केली आणि पाचाचे तीन ही मोजणी रद्द करा, अशी मागणी केली. गुलामांच्या कळवळ्याने? छे! त्या मोजणीमुळे आपली सत्ता गेली म्हणून. १८१६ नंतर या पक्षाने अध्यक्षपदासाठी उमेदवार उभा केला नाही.

काटेकोर अर्थवाले सत्तेत आले की सैल झाले आणि सैल अर्थवाले सत्तेबाहेर गेले की काटेकोर झाले. म्हणून या मंडळींत मोठे कोण, असल्या वादात आम्ही पडत नाही. आम्ही एकच प्रश्न विचारतो. कोणत्या प्रश्नावर हे दोन्ही पक्ष कधीच भांडले नाहीत?

पंच्याऐंशी विरुद्ध एक

त्यासाठी थोडे मागे, जानेवारी १८०० मध्ये जाऊ. राजद्रोहाचे खटले चालू आहेत. अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आहे. दोन्ही पक्ष एकमेकांचे तोंड पाहायला तयार नाहीत. अशा वेळी २ जानेवारीला फिलाडेल्फियातच बसलेल्या प्रतिनिधिगृहात एक अर्ज सादर झाला. अर्जदार होते फिलाडेल्फियाचे सत्तरहून अधिक स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक आणि त्यांच्या अग्रभागी होते ॲबसलॉम जोन्स.

हे जोन्स जन्माने गुलाम. पै पै जमवून त्यांनी आधी पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि मग १७८४ मध्ये स्वतःचे मिळवले. एका गोऱ्यांच्या चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करत असताना त्यांना ओढून उठवण्यात आले, कारण काळ्यांनी तिथे बसायचे नव्हते. देवाच्या दारातून उठवले जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. जोन्स आणि त्यांचे सोबती उठून बाहेर पडले आणि त्यांनी आपले स्वतंत्र चर्च उभारले.

अर्जात त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा गुलामांचा व्यापार थांबवा. १७९३ चा पळपुट्या गुलामांचा कायदा सुधारा, कारण त्याच्या आडून स्वतंत्र माणसेही पकडून दक्षिणेत विकली जातात. आणि गुलामांना हळूहळू तरी मुक्त करा. हा १७९३ चा कायदा असा होता की मालकाने किंवा त्याच्या माणसाने कोणालाही पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, तोंडी साक्ष किंवा प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि दाखला घेऊन जायचे. ज्यूरी नाही. पकडलेल्याची बाजू मांडण्याची तरतूद नाही. आडवा येईल त्याला पाचशे डॉलर दंड. घटनेत काँग्रेसला असा कायदा करण्याचा अधिकार मोजून दिलेला होता का? नव्हता! एका बँकेसाठी 'आवश्यक' या शब्दाचा कीस काढणाऱ्या दक्षिणेकडील काटेकोर मंडळींनी या कायद्याच्या वेळी मात्र तो प्रश्न लावून धरला नाही.

आता जोन्स आणि त्यांच्या सोबत्यांचा घटनेचा अर्थ पाहा. त्यांनी म्हटले की या घटनेत आणि त्या कायद्यात 'काळा' किंवा 'गुलाम' असा शब्दच नाही. तेव्हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला आणि हक्कांच्या सनदेला काही किंमत असेल, तर आम्हीही माणसे आहोत म्हणून त्या हक्कांत आमचाही वाटा आहे. घटनाकारांनी लाजेखातर जो शब्द टाळला होता, ती फट बरोबर हेरून या एके काळच्या गुलामाने आणि त्याच्या सोबत्यांनी आपला दावा तिथे रोवला. हॅमिल्टन यांचा अर्थ एक, जेफरसन यांचा अर्थ दुसरा. आम्ही याला घटनेचा तिसरा अर्थ म्हणतो. त्या काळच्या कोणत्याही मंत्र्याच्या लेखी मतापेक्षा तो कमी तोलाचा नव्हता.

सभागृहात गदारोळ झाला. दुसऱ्या दिवशी, ३ जानेवारीला मतदान झाले. घटनेने जे विषय केंद्राच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत त्यांवर कायदा करा असे सांगणाऱ्या अर्जातल्या भागांमुळे अशांतता माजते, म्हणून या सभागृहाने त्यांना कसलेही उत्तेजन देऊ नये, असा ठराव ८५ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर झाला. ते एक मत मॅसॅच्युसेट्सचे जॉर्ज थॅचर यांचे. ८५ मध्ये फेडरलिस्ट होते, रिपब्लिकनही होते. बँक, तह, राजद्रोह, कशावरच न जुळणारे हे दोन पक्ष इथे एका सुरात बोलले. तीन वर्षांपूर्वी, १७९७ मध्ये, नॉर्थ कॅरोलिनातून जीव वाचवून आलेल्या चार मुक्त कृष्णवर्णीयांचा अर्ज तर दाखल करून घ्यायलाच नकार दिला गेला होता, आणि तो घेऊ नये असे सांगणाऱ्यांत मॅडिसन होते.

टॅनी आणि कर्टिस

दाराबाहेर ठेवलेला हा तिसरा अर्थ सत्तावन्न वर्षांनी सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी दावा लावला होता. ६ मार्च १८५७ रोजी सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी निकाल दिला. घटना मंजूर झाली तेव्हा शब्दांचा जो अर्थ होता तोच आज घ्यायचा, आणि तेव्हा आफ्रिकी वंशाची माणसे 'जनता' या शब्दात धरलेली नव्हती, म्हणून ती नागरिक होऊच शकत नाहीत, असे ते म्हणाले. शिवाय काही प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करणारा काँग्रेसचा कायदाही त्यांनी घटनाविरोधी ठरवला. मारबरी खटल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा कायदा रद्द करण्याची ही दुसरी वेळ. चोपन्न वर्षे म्यानात राहिलेली तलवार उपसली ती गुलामांच्या मालकांसाठी!

न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. ते म्हणाले, ठीक आहे, त्या काळचाच अर्थ घेऊ. घटनेच्या मंजुरीच्या काळात न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलिना या पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीयांना मताचा हक्क होता. जे मतदार होते ते 'जनता' नव्हते कसे? म्हणजे जुना अर्थ घ्या म्हणणारा टॅनी हा जुना इतिहासही खोटा सांगत होता. पण मते सात विरुद्ध दोन अशी पडली. सत्य अल्पमतात राहिले.

गुलामगिरीविरोधी चळवळीतही या प्रश्नावर दोन तट होते. विल्यम लॉइड गॅरिसन यांनी ही घटना म्हणजे सैतानाशी केलेला करार आहे, असे म्हणत ४ जुलै १८५४ रोजी तिची प्रत जाहीरपणे जाळली. गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस आधी गॅरिसन यांच्याच मताचे होते. पण अभ्यास केल्यावर १८५१ मध्ये त्यांनी मत बदलले. घटनेत गुलाम हा शब्द नाही, मग ती मालकांच्या हवाली का करायची? ती आमची आहे, असे त्यांनी ठासून सांगितले. म्हणजे फिलाडेल्फियाच्या अर्जदारांचा तिसरा अर्थ डग्लस यांनी पुन्हा उचलला. पण तो कायद्यात उतरायला चार वर्षांचे यादवी युद्ध आणि लाखो माणसांचे रक्त लागले. १८६५ ची तेरावी, १८६८ ची चौदावी आणि १८७० ची पंधरावी दुरुस्ती झाली तेव्हा कुठे गुलामगिरी गेली, नागरिकत्व आले आणि मताचा हक्क कागदावर आला. त्या लढ्याचा निनाद पुण्यापर्यंत पोचला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तो याच लढ्याबद्दलच्या कृतज्ञतेने.

आम्ही काय शिकावे?

हॅमिल्टन आणि जे हे न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजचे विद्यार्थी. तेच कॉलेज १७८४ पासून कोलंबिया झाले, आणि त्याच कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. अमेरिकेची घटना आणि तिच्यावरचे निकाल त्यांना चांगले अवगत होते, हे ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील त्यांच्या भाषणावरून दिसते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तर त्यांनी जेफरसन यांचाच आधार घेऊन सांगितले की प्रत्येक पिढी हे जणू वेगळे राष्ट्र असते, आधीच्या पिढीला पुढच्या पिढीला बांधून ठेवता येत नाही. आणि त्याच भाषणात त्यांनी बजावले की घटना कशी चालेल हे केवळ घटनेवर अवलंबून नसते. ते जनतेवर आणि जनता जे राजकीय पक्ष उभे करील त्यांच्यावर अवलंबून असते. अमेरिकेच्या पहिल्या तीस वर्षांचे सार यापेक्षा नेमके सांगता येणार नाही.

म्हणून शब्दाला चिकटून राहणारा अर्थ चांगला की व्यापक अर्थ चांगला, असा प्रश्न कोणी विचारला तर आम्ही उत्तर देत नाही. आम्ही उलट विचारतो की या अर्थाने दाराबाहेरचा माणूस आत येतो की बाहेरच राहतो? काटेकोर अर्थाने राजद्रोहाच्या कायद्याला विरोध झाला आणि त्याच पद्धतीने टॅनीने ड्रेड स्कॉटला माणसांतून उठवले. व्यापक अर्थाने राष्ट्र उभे राहिले आणि तशाच सैल हाताने माणसे पकडण्याचा कायदाही झाला. पद्धत निर्दोष आहे म्हणून निकाल न्याय्य होत नाही.

ॲबसलॉम जोन्स यांच्याकडे मत नव्हते, पक्ष नव्हता, वर्तमानपत्र नव्हते, सभागृहात एकही माणूस नव्हता. त्यांच्याकडे घटनेची प्रत होती आणि ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचण्याची हिंमत होती. आपल्याकडे मत आहे, वर्तमानपत्र आहे, न्यायालयात उभे राहणारे वकील आहेत. तरी संविधानाचे पुस्तक आपल्यापैकी किती घरांत कपाटावर पूजेसारखे ठेवलेले असते आणि किती घरांत ते उघडून वाचले जाते? आपण वाचले नाही तर दुसरे कोणीतरी आपल्या वतीने वाचील, आणि मग पुन्हा एकदा ८५ विरुद्ध १ असे मतदान होईल. तेव्हा ते कपाटावरचे पुस्तक खाली काढावे, पोरांना जवळ बसवावे आणि पहिल्या पानापासून वाचायला घ्यावे.